राऊतबाई आणि डोक्यातला शिपाई

राऊतबाईंनी हजेरी घेतल्याशिवाय आमचं एमआरआय मशीन सुरू होत नसे. म्हणजे बटण दाबलं की ते सुरू झालंच असतं, पण बाईंची हजेरी संपण्याआधी ते दाबायची हिंमत आमच्या टेक्निशियन सुर्वेंना होत नसे.

वसईजवळ सातिवलीच्या रस्त्यावर, गाळे आणि गोदामांच्या मधोमध ते स्कॅन सेंटर होतं. आठवडाभर तिथे गुडघे आणि मणके यायचे. सेंटरच्या मालकांनी फक्त रविवार आम्हाला दिले होते, तेही मोजके. रविवारी गाळे बंद असायचे, रस्त्याच्या मध्यावर कुत्री निवांत झोपलेली असायची. साडेआठच्या सुमाराला पुलापलीकडून एक इको गाडी येऊन थांबायची. पुढच्या सीटवरून आधी पांढरे कॅनव्हासचे बूट खाली यायचे, मग फिकट रंगाची सुती साडी, मग राऊतबाई. मागून सांडोर गावची चार-पाच माणसं उतरायची, सगळी साठीच्या पुढची. बाई त्यांना व्हरांड्यात ओळीने उभं करायच्या आणि वही उघडायच्या.

"इनास."

"हजर, बाई."

इनासकाका एकाहत्तर वर्षांचे होते. स्वतःची केळीची बाग, अंगणात दोन नातवंडं, आणि तरी 'हजर' म्हणताना त्यांचे हात आपोआप शिवणीला लागायचे. ते बाईंचे विद्यार्थी नव्हतेच, वयाने उलट मोठे होते. त्यांची मुलं बाईंच्या हाताखाली शिकली होती. बाईंना तो फरक मान्य नव्हता.

बाई मूळच्या खाडीकाठच्या गावातल्या, सांडोरला राऊतांकडे लग्न होऊन आलेल्या. चौतीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं. शाळेत त्या 'पाणी' म्हणायच्या आणि घरी किंवा माहेरच्या माणसांशी फोनवर 'पानी'. एकदा व्हरांड्यात मी त्यांना एका वाक्यात दोन्ही म्हणताना ऐकलं. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "ऐकलंस ना? आता विसर."

माझं काम छोटं होतं. संशोधन मुंबईच्या एका संस्थेतल्या डॉक्टर मॅडमचं. मी त्यांची सहायक, कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली, आणि वसईत राहणारी म्हणून निवडलेली. 'स्थानिक लोकांशी संवाद' असं माझ्या कामाच्या यादीत पहिल्या ओळीत लिहिलं होतं. मला सोसायटीच्या वॉचमनशीसुद्धा संवाद जमत नसे. त्यात माझं मराठी घरातलं, स्वयंपाकघर आणि टीव्ही यांच्यामधलं. शाळा सगळी इंग्रजीतून झालेली. म्हणून मॅडमना कोणीतरी सांडोरच्या निवृत्त बाईंचं नाव सुचवलं, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. बाईंनी आठवड्याभरात माणसं गोळा केली. कशी, ते विचारल्यावर म्हणाल्या, "सांगितलं, रविवारी यायचं. आले."

पहिल्याच दिवशी मी फॉर्म भरत होते. एका मावशींचं वय बाईंनी सांगितलं, "एकोणसत्तर." माझं पेन थांबलं. बाईंनी पेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इंग्लिश मीडियम?"

"हो."

"लाजू नकोस. सत्तरला एक कमी. आमच्याकडे हा आकडा पुढच्या दशकावर डोळा ठेवून चालतो." मी सहा आणि नऊ लिहिलं. त्यानंतर दर रविवारी इकोतून उतरल्यावर त्या 'गुड मॉर्निंग'च्या जागी मला एक आकडा विचारायच्या. "एकोणनव्वद?" मी हवेत बोटाने लिहून दाखवायचे. बरोबर आलं तर त्या काही बोलत नसत. चुकायला लागलं तर त्यांचे ओठ हळूच पहिल्या अक्षराचा आकार घ्यायचे.

ते ओठ हीच बाईंची खरी ओळख. कोणी आठवायला अडखळलं, की बाईंची मान किंचित पुढे यायची, भुवया वर जायच्या आणि ओठांवर उत्तराचं पहिलं अक्षर तयार व्हायचं. आवाज नाही. नुसता आकार. सोबत एकच वाक्य, "येतंय, येतंय." इको गाडीच्या ड्रायव्हरला पेट्रोल पंपाचं नाव आठवेना, तेव्हाही बाईंचे ओठ हलले होते. चौतीस वर्षांत आपल्या वर्गातलं एकही मूल नापास झालं नाही, हे त्या अभिमानाने सांगायच्या. ते कसं झालं असेल, याचा अंदाज मला थोडा उशिरा आला.

मॅडमनी सगळ्यांना बसवून संशोधन समजावून सांगितलं होतं. मेंदूत एक करडा भाग असतो, विचार करणाऱ्या पेशींचा. आणि एक पांढरा भाग, त्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तंतूंचा. मेंदू काम करतो तेव्हा करड्या भागात रक्ताची ये-जा कशी बदलते, ते मशीनला सहज दिसतं. पांढऱ्या भागातला बदल फार बारीक असतो. त्यामुळे तिथे जे काही दिसतं ते निव्वळ खरखर आहे, असं समजून लोक ते बाजूला टाकत आले. मॅडमना वाटत होतं, की माणूस खरोखर डोकं चालवतो तेव्हा पांढऱ्या भागातही काहीतरी हलतं. ते पकडायचं होतं. म्हणून माणसाने मशीनमध्ये पडून एक खेळ खेळायचा. समोर एकामागून एक चित्रं येणार. आत्ताचं चित्र दोन चित्रांपूर्वीच्या चित्रासारखंच असेल, तर हातातलं बटण दाबायचं. मधूनमधून एक सोपी फेरी, तिच्यात ठरलेलं एकच चित्र दिसलं की दाबायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी स्वतः पहिल्यांदा केलं तेव्हा डोक्याला घाम फुटला होता.

मॅडमनी विचारलं, "समजलं का?" माना हलल्या. बाईंची नाही हलली.

"आमच्या शाळेत," बाई म्हणाल्या, "हेडमास्तर होते, आम्ही वर्गशिक्षक होतो, आणि एक शिपाई होता. नोटीस घेऊन या वर्गातून त्या वर्गात जायचा. अक्कल सगळी आमच्याकडे, असं आम्हाला वाटायचं. पण तो रजेवर गेला की शाळा बंद पडायची. मधली सुट्टी कधी झाली तेही कळायचं नाही. म्हणजे तुमचं करडं ते आम्ही, आणि पांढरं तो शिपाई."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या.

"आणि शाळेत काम वाढलं की शिपायाला धाप लागते का, ते तुम्हाला मशीनमधून बघायचंय."

मॅडमनी मला ते वहीत लिहून ठेवायला सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या कंट्रोल रूममध्ये पांढऱ्या भागाला कोणी पांढरा भाग म्हटलं नाही. सुर्वेसुद्धा विचारायचे, "शिपाई दिसतोय का मॅडम?"

आणि तोच दिसत नव्हता.

दोन रविवार झाले, तीन झाले. नऊ जणांचे स्कॅन झाले. माणसं उत्तम वागत होती. मशीनच्या ठकठकाटाला कोणी घाबरलं नाही, डोकं कोणी हलवलं नाही. बाईंनी त्यांच्याकडून घरी उशीवर 'पुतळा पुतळा' खेळून घेतलं होतं. आत जाण्याआधी बांगड्या, मंगळसूत्रं, गळ्यातले क्रूस, कंबरेच्या किल्ल्या असं सगळं धातूचं सामान बाई नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांत ठेवून घ्यायच्या. बाहेर आल्यावर प्रत्येकाला एक सुकेळं, म्हणजे उन्हात सुकवलेलं केळं, मिळायचं, केळीच्या सोपटात बांधलेलं, इनासकाकांच्या घरचं. उत्तरं तर इतकी बरोबर येत होती की सुर्वे म्हणाले, "ही माणसं आपल्यापेक्षा हुशार आहेत." फक्त चित्रात काही नव्हतं. पांढऱ्या भागात शांतता. करड्या भागातही जेवढं दिसायला हवं तेवढं दिसत नव्हतं. मॅडमनी सेटिंग बदलून पाहिली, मशीनच्या इंजिनियरला फोन केले. तीन रविवार उरले होते. तेवढ्यात काही हाती आलं नाही, तर काम थांबणार होतं आणि पांढऱ्या भागात खरखरच असते असं म्हणणारे बरोबर ठरणार होते. मॅडम चिडत नसत. त्या शांत होत जायच्या, आणि ते बघणं जास्त अवघड होतं.

चौथ्या रविवारी इनासकाका दुसऱ्यांदा आले होते. त्यांचा पहिला स्कॅन मध्येच वीज गेल्याने वाया गेला होता. खेळाच्या दोन फेऱ्यांमध्ये मशीन काही क्षण गप्प होतं. तेव्हा आतला आवाज आमच्या हेडफोनवर येतो. तो मी लावून बसले होते. इनासकाका आत पुटपुटत होते. मला आधी वाटलं, प्रार्थना म्हणतायत. मग शब्द ऐकू आले. चाल पाढ्याची होती, बे एके बेची.

"केळं छत्री केळं दाब, मासा घड्याळ मासा दाब."

त्या दिवशी मी कोणाला काही बोलले नाही. घरी जाऊन सगळ्यांच्या बटणांच्या वेळा काढल्या. चित्र पडद्यावर यायच्या आधीच बटण दाबलं गेलेलं होतं. एकाचं नाही, सगळ्यांचं. ज्यांनी ते चित्र अजून पाहिलंच नव्हतं, ते सगळे अचूक होते.

आणि त्यात माझाही हात होता. लोकांना सराव देण्यासाठी लॅपटॉपवर जो खेळ मी ठेवला होता, त्यातला चित्रांचा क्रम खऱ्या खेळातलाच होता. सरावासाठी वेगळा क्रम करायचा का, हे मॅडमना विचारायला हवं होतं. विचारायचा धीर झाला नाही, म्हणून मी तीच फाइल उचलून ठेवली. प्रत्येकाच्या सरावाला बाई शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. तिसऱ्या माणसापर्यंत त्यांना सगळं पाठ झालं असणार.

मंगळवारी मी सांडोरला गेले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला जाब विचारायला निघाले होते. रिक्षात मी तीन वाक्यं तयार केली होती. बाईंच्या अंगणात पोचेपर्यंत त्यातलं एकही उरलं नव्हतं.

बाई ओट्यावर पडवळ निवडत बसल्या होत्या. त्यांचे यजमान, दादा, पलीकडे खुर्चीत होते. उंच, शांत माणूस. मी नमस्कार केल्यावर त्यांनी मला बसायची खूण केली आणि विचारलं, "कुठून आलीस बाळ?"

"वसईहूनच," बाईंनी उत्तर दिलं. "स्टेशनजवळ राहते. डॉक्टर मॅडमकडे काम करते. चहा घेत नाही, सरबत घेईल."

मी तोंड उघडायच्या आत माझी सगळी माहिती देऊन झाली होती. दादांनी मान हलवली आणि ते बागेकडे बघत बसले.

"बोल," बाई म्हणाल्या. "तू उगाच येणारी नाहीस."

"बाई, तो पाढा."

बाईंनी पडवळ खाली ठेवलं. आश्चर्याचं नाटक त्यांनी केलं नाही. "इनास गुणगुणला ना? तरी त्याला म्हटलं होतं, मनात म्हण."

"सगळ्यांना शिकवलात?"

"याच ओट्यावर. संध्याकाळी सहा ते सात. मोनिकाला वेळ लागला, तिला छत्री आणि कंदील यात गोंधळ व्हायचा. पण तीही तयार झाली." आवाजात किंचित अभिमान होता. मग माझा चेहरा बघून तो गेला. "काय बिघडलं?"

मी सांगितलं. मला कसं सांगता आलं ते माहीत नाही, पण सांगितलं. की त्यांना काही आठवावंच लागलं नाही. नुसतं म्हणायचं होतं, त्यांनी म्हटलं. डोकं चाललंच नाही, म्हणून चित्रात काही आलं नाही. मॅडम मशीनला दोष देत बसल्यात. काम बंद पडेल.

"म्हणजे शिपायाला मी घरीच बसवलं," बाई म्हणाल्या.

त्यांनी एकदा दादांकडे पाहिलं, मग उठून मला बागेच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथे विहिरीजवळ मोटरची छोटी खोपी होती, तिला कुलूप होतं. कुलपाची किल्ली बाईंच्या कमरेला.

"ह्यांना दोन वर्षांपूर्वी डॉक्टरकडे नेलं होतं," त्या म्हणाल्या. "नावं विसरायला लागले होते म्हणून. त्यांनी प्रश्न विचारले. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा, पाच वस्तू लक्षात ठेवा. शेवटी कागद दिला. दहापैकी चार. त्याच सकाळी ह्यांनी बागेला पानी सोडलं होतं, केळीला माती लावली होती. काही बदललेलं नव्हतं. पण मी कागद वाचला. मला कागद वाचायची सवय. दुसऱ्या दिवशी ही किल्ली मी माझ्याकडे घेतली. तेव्हापासून पानी मी सोडते. त्यांना विचारत नाही. चौतीस वर्षांत मी कोणाला नापास केलं नाही गं. घरातल्या माणसाला केलं."

बाईंनी कमरेची किल्ली चाचपली.

"मग या लोकांना मी तुमच्याकडे आणलं. माझ्या शब्दावर आले. कोणाला तरी दहापैकी चार मिळाले आणि पोरांनी तो कागद वाचला तर? इनासची सून त्याला आत्ताच विचारत नाही."

"पण बाई, इथे गुण नाहीतच. कोणाला कागद मिळणार नाही. चुकलं तरी चालतं. उलट चुकेपर्यंत ताण यायला हवाय."

"हे कुठे लिहिलंय?"

"संमतीपत्रात. तिसऱ्या पानावर. मी वाचून दाखवलं होतं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तिसऱ्या पानावर तू वाचत होतीस होय? मला वाटलं, तुझे नुसते ओठ हलतायत."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. परत ओट्यावर आलो तेव्हा दादांनी विचारलं, "कुठून आलीस बाळ?" आणि या वेळी बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तोंड मिटून ठेवलं. मी म्हटलं, "वसईहून." माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला.

मॅडमना बाईंनी स्वतः सांगितलं. मी त्यांना फोन लावून दिला, तर म्हणाल्या, "चूक फोनवर सांगायची नसते." आणि मला घेऊन मुंबईला गेल्या, पांढरे बूट घालून. मॅडमनी सगळं ऐकलं. माझ्या फाइलबद्दल मीही सांगितलं, अगदी हळू आवाजात, पण तिसऱ्या पानावर नाही, पहिल्याच. मॅडमनी विचारलं, "बाई, तुम्हाला पूर्ण क्रम पाठ आहे?"

बाईंनी सगळा पाढा म्हणून दाखवला. तिन्ही फेऱ्या. शेवटच्या 'दाब'ला मॅडम टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मशीन चांगलं होतं, सेटिंग बरोबर होती. नऊ जणांनी पाढा म्हटला आणि मशीनने पाढाच दाखवला, इतकंच झालं होतं.

रीतसर परवानग्या घेऊन उरलेल्या दोन रविवारी स्कॅन पुन्हा करायचं ठरलं. चित्रं नवी, क्रम प्रत्येकाला वेगळा. लोकांना पुन्हा आणायचं काम बाईंचं. त्या घरोघरी गेल्या. मी सोबत होते. प्रत्येक दारात त्या एकच सांगायच्या, "माझं चुकलं. मी शिकवायला नको होतं. परत यायचंय, आणि या वेळी पाठ करायचं नाही, बिनधास्त चुकायचं." लोक बाईंच्या चुकीवर इतके खूश झाले की एकानेही नाही म्हटलं नाही. मोनिकामावशी म्हणाल्या, "बाई, तुमच्या हातावर कोण पट्टी मारणार आता?" बाईंनी हात पुढे केला. मावशींनी खरंच टपली मारली आणि मग तो हात धरून ठेवला.

पण सांगितलेलं ऐकायची सवय वाईट. पुढच्या रविवारी इनासकाका मशीनमधून बाहेर आले ते छाती काढून.

"बाई, एकसुद्धा बरोबर येऊ दिलं नाही."

बाईंनी डोळे मिटले. "इनास, मुद्दाम चुकलास?"

"तुम्हीच म्हणालात बिनधास्त चुका. बरोबर दिसलं की मी बोट उचलून धरायचो. सोपं नाही ते, बाई. फार लक्ष द्यावं लागतं."

आत मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, की लक्ष मात्र खरंच दिलेलं दिसतंय. तरी तो स्कॅनही बाजूला ठेवावा लागला. मॅडमनी बाहेर येऊन बाईंना एकच विनंती केली. आता काहीच सांगू नका. बरोबर या असंही नको, चुका असंही नको.

मला वाटतं, बाईंना आयुष्यात दिलेलं ते सगळ्यात अवघड काम होतं. त्यांनी त्यावर उपाय काढला. घरून खडीसाखर आणायच्या. माणूस आत गेला की एक मोठा खडा तोंडात ठेवायच्या, आणि तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही, असा नियम. व्हरांड्याच्या काचेतून मला त्या दिसायच्या, गाल फुगवून, हात मांडीवर बांधून, भुवया मात्र वर. एकदा खडा लवकर संपला, तर त्यांनी सुर्वेंकडे हात पसरून खुणेने दुसरा मागितला. पिशवी त्यांच्याच मांडीवर होती.

सहाव्या रविवारी दुपारी मॅडमनी मला जवळ बोलावलं. पडद्यावर मेंदूचा आडवा काप होता. मधल्या पांढऱ्या पट्ट्यात, जिथे आजवर राखाडी शांतता असायची, तिथे अवघड फेरीच्या वेळी एक फिकट नारिंगी झाक येत होती आणि सोप्या फेरीला विरत होती. एकाच्यात नाही. बहुतेकांच्यात, कमी-जास्त.

"पक्कं म्हणता येणार नाही अजून," मॅडम म्हणाल्या. "खूप तपासावं लागेल." पण त्यांनी खुर्ची मागे ढकलली होती आणि त्या उभ्या होत्या.

बाईंना आत बोलावलं. त्या चष्मा काढून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. तोंडात खडा होता, त्यामुळे काही वेळ नुसत्याच बघत राहिल्या. मग खडा गालात सरकवून म्हणाल्या, "धाप लागली."

"लागली असं वाटतंय," मॅडम म्हणाल्या.

"पगार वाढवा त्याचा."

त्या दिवसाचा शेवटचा स्कॅन बाईंचाच होता. त्यांनी स्वतःला यादीत सर्वांत खाली ठेवलं होतं. बांगड्या, मंगळसूत्र, मोटरची किल्ली, सगळं डब्यात. बूट ओळीत. त्यांना आत सरकवल्यावर मी हेडफोन लावला. पहिली फेरी त्यांनी सहज केली. अवघड फेरीत मात्र त्या अडकल्या. पडद्यावर चित्रं पुढे सरकत होती आणि बटण येत नव्हतं. एक गेलं, दुसरं गेलं, मग चुकीच्या चित्रावर आलं. माझ्या समोरच माइकचं बटण होतं. मला इतकं वाटलं ते दाबावं, 'पुढे बघा' एवढंच म्हणावं. मी हात मांडीखाली घेतला. मी तोपर्यंत बाईंना कधी अडखळताना पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर त्या टेबलाच्या कडेवर बसून राहिल्या. केस विस्कटलेले, कपाळावर उशीचा वळ. किती आले, हे त्यांनी विचारलं नाही.

"मधे एकदा सगळंच गेलं," त्या म्हणाल्या. "दोन चित्रांआधी काय होतं, ते होतं की नव्हतं, काही नाही. मला वाटलं होतं, असं झालं की माणूस घाबरतो. तसं नाही गं. नुसतं थांबायला हवं असतं. मशीन थांबत नाही, एवढंच." मग त्या म्हणाल्या, "तू बोलली नाहीस."

"नाही."

"बरं केलंस."

काम संपलं. बाईंच्या आग्रहावरून आम्ही सगळ्यांसाठी सहभागाची प्रमाणपत्रं केली. आकडा एकही नाही, फक्त नाव आणि आभार. मला पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं. निघायच्या आदल्या आठवड्यात मी ती प्रमाणपत्रं द्यायला सांडोरला गेले. मार्च संपत आला होता, ऊन चांगलंच तापलं होतं.

ओट्यावर कोणी नव्हतं. घराच्या मागच्या बाजूने आवाज आला म्हणून मी कुंपणाशी गेले. दादा केळीच्या ओळीत उकिडवे बसले होते. हातात मातीचं ढेकूळ होतं, ते बोटांनी चुरत होते. खोपीचं दार सताड उघडं होतं आणि बाई मोटरच्या खटक्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

"सोडू का पानी?" त्यांनी विचारलं.

दादांनी उत्तर दिलं नाही. माती बघत राहिले. पडलेल्या भेगा मला कुंपणाबाहेरून दिसत होत्या. मला शेतीतलं काही कळत नाही, पण ती जमीन पाणी मागत होती एवढं मलाही कळलं. बाईंना तर कळलंच असणार. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भुवया वर गेल्या होत्या. मान पुढे आली होती. आणि मग त्या सावकाश वळल्या आणि दादांकडे पाठ करून विहिरीकडे तोंड केलं, ओठ त्यांना दिसू नयेत म्हणून.

बराच वेळ गेला. एक खार कुंपणावरून पळाली. बाई विहिरीकडे बघत उभ्या होत्या, हात खटक्यावरच.

"आज नको," दादा म्हणाले. "उद्या सोडू पानी."

"बरं," बाई म्हणाल्या. "उद्या."

त्यांनी खटक्यावरून हात काढला. मी प्रमाणपत्रांचं पाकीट ओट्यावर पडवळांच्या टोपलीखाली सरकवलं आणि हाक न मारता निघाले.